शॉवर बेस बसवताना ट्रॅप हलवायचा असेल तर...

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली की नागपुरातील अनेक घरांत रंगकामाबरोबर बाथरूमचेही काम काढले जाते. धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर येथील तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या फ्लॅटांपासून मनीषनगर आणि बेसा भागातील नव्या इमारतींपर्यंत सगळीकडे अलीकडे या कामात एका वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे अॅक्रिलिकचा किंवा दगडासारख्या दिसणाऱ्या रेझिनचा तयार शॉवर बेस, म्हणजे ज्यात उभे राहून अंघोळ करायची असे काठ असलेले उथळ तबक. अंघोळीची जागा वेगळी राहावी, बाकीची फरशी कोरडी राहावी आणि घरातील वडीलधारी मंडळी घसरू नयेत, ही त्यामागची इच्छा अगदी रास्त आहे. अडचण पुढे येते. दुकानातून आणलेल्या बेसचे भोक एका ठिकाणी असते आणि बाथरूममधला नहाणी ट्रॅप (फरशीतील जाळीखालचे, थोडे पाणी धरून ड्रेनेजची दुर्गंधी अडवणारे भांडे) दुसऱ्याच ठिकाणी असतो, आणि ही दोन ठिकाणे जुळवण्यासाठी जे काही केले जाते, त्यातून खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाच्या छताला ओल येते. मी आयुष्यभर इमारतींच्या बांधकामावर देखरेखीचे काम केले आहे आणि निवृत्तीनंतर आमच्या अपार्टमेंटच्या देखभालीत लक्ष घालतो, म्हणून या एकाच विषयावर आपल्या वाचकांशी सविस्तर बोलावे असे वाटले.

सर्वप्रथम आज हे काम कसे उरकले जाते ते सांगतो. बेस जागेवर ठेवून पाहिला जातो, भोकाची खूण फरशीवर केली जाते, तेथून जुन्या ट्रॅपपर्यंत फरशीत ग्राइंडरने चर काढला जातो आणि त्या दीड-दोन इंच खोल चरात वॉश बेसिनखाली लावतात तसला घड्यांचा लवचीक पाइप आडवा टाकला जातो. पाइपचे एक टोक बेसच्या वेस्ट कपलिंगला (भोकात बसणाऱ्या जाळीच्या जोडाला) आणि दुसरे टोक जुन्या ट्रॅपची जाळी काढून त्याच्या तोंडात खुपसले जाते, सभोवती पांढरे सिमेंट भरले जाते आणि वर बेस बसवून कडेने सिलिकॉन ओढले की काम संपले. सकाळी सुरू झालेले काम संध्याकाळी पूर्ण होते, मलबा फारसा निघत नाही, खर्चही कमी येतो, त्यामुळे घरमालकाला ते सोयीचे वाटते. वरून पाहणाऱ्याला या कामातील एकही दोष दिसत नाही आणि खरी पंचाईत तीच आहे.

दोष असे आहेत. त्या चराला ढाळ देण्याइतकी खोलीच नसते, म्हणून पाणी पाइपात साचून राहते. घड्यांच्या पाइपात साबणाचा थर आणि केस अडकतात आणि काही महिन्यांत प्रवाह मंदावतो. पाइप ट्रॅपच्या तोंडात नुसता खुपसलेला असतो, सॉल्व्हंट सिमेंटने (प्लास्टिकचे पाइप चिकटवण्याच्या द्रावणाने) जोडलेला नसतो, त्यामुळे प्रवाह तुंबला की पाणी त्या सांध्यातून मागे येते. सर्वांत गंभीर गोष्ट ही की चर काढताना फरशीखालचा वॉटरप्रूफिंगचा थर कापला गेलेला असतो आणि तो कोणी पुन्हा जोडत नाही. बेसिनखालचा पाइप गळला तर तो दिसतो आणि बदलता येतो. येथे मात्र तोच पाइप एका न निघणाऱ्या बेसखाली पुरला जातो.

आता हे पाणी कोठे जाते ते समजून घेतले पाहिजे. आपल्याकडील बहुतेक फ्लॅटांमध्ये बाथरूमचा स्लॅब शेजारच्या खोलीच्या स्लॅबपेक्षा साधारण 200 ते 450 मिलिमीटर खाली घेतलेला असतो. या खोलगट भागात पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि चुरी यांचा भराव करतात, त्यावर कोबा आणि त्यावर फरशी येते. एकदा का पाणी या भरावात उतरले की ते लगेच खाली टपकत नाही. ते विटांच्या तुकड्यांत मुरते, साठते आणि माठातून झिरपावे तसे रात्रंदिवस झिरपत राहते. म्हणूनच वरच्या घरात आठवडाभर कोणी नसले तरी खालच्या छताची ओल हटत नाही, आणि मग "आम्ही तर गावाला गेलो होतो, पाणी आमचे कसे असेल?" हा वाद सुरू होतो. स्लॅबमधील गज या सततच्या ओलाव्याने गंजतात, गंजलेला गज फुगतो आणि खालचे काँक्रीट पापुद्र्याने सुटू लागते. आधी रंगाचे पोपडे, मग प्लास्टरचे फुगवटे आणि शेवटी उघडे पडलेले तांबूस गज, हा क्रम मी अनेक इमारतींत पाहिला आहे.

आमच्याच इमारतीत एका फ्लॅटच्या बाथरूमचे छत ऐन मे महिन्यात ओलसर झाले. पावसाचा प्रश्नच नव्हता, पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे होता आणि त्या भिंतीला कूलरही लागून नव्हता. वरच्या फ्लॅटमध्ये हिवाळ्यात नवा शॉवर बेस बसला होता आणि ज्या ठेकेदाराने तो बसवला होता, तो गळती आपल्या कामाची नाही असे ठामपणे सांगत होता. आम्ही बेसमध्ये निळीचे गडद पाणी सोडले. दुसऱ्या दिवशी खालच्या छतावर, डक्टच्या (उभे पाइप ज्यातून उतरतात त्या मोकळ्या जागेच्या) बाजूच्या कोपऱ्यात, फिकट निळा डाग उमटला. बेस उचलला तेव्हा त्याखाली जुना ट्रॅप तसाच होता, त्याच्या तोंडात लवचीक पाइपचे टोक होते आणि सभोवतीचे पांढरे सिमेंट हाताने सुटून आले. सगळा भराव काढून नव्याने करावा लागला, आणि दोन शेजाऱ्यांमधले वर्षानुवर्षांचे चांगले संबंध या काळात बिघडले याचे मला आजही वाईट वाटते.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, जी आपल्या राहणीशी निगडित आहे आणि जिच्याकडे विक्रेते किंवा कारागीर क्वचितच लक्ष देतात. तयार शॉवर बेस ही कल्पना ज्या देशांतून आली, तेथे बेसच्या बाहेरची फरशी कोरडीच राहते असे गृहीत धरलेले असते, तेथील बाथरूमच्या फरशीला बहुधा वेगळी जाळी नसते. आपल्याकडे बाथरूममध्ये कपडे भिजवले जातात, धुतले जातात, फरशी पाणी ओतून घासली जाते आणि वॉशिंग मशीनचे पाणीही कित्येक घरांत तेथेच सोडले जाते. ही सगळी कामे एकाच नहाणी ट्रॅपच्या भरवशावर चालतात. तो ट्रॅप उचलून बेसखाली नेला की उरलेल्या फरशीला निचराच राहत नाही. मग ओतलेले पाणी उंबरठ्याकडे वळते आणि बेडरूमच्या फरशीखाली शिरते. राष्ट्रीय इमारत संहितेत बाथरूमची फरशी पाणी न शोषणारी असावी आणि तिचा ढाळ निचऱ्याकडे असावा, व्हरांड्याकडे किंवा दुसऱ्या खोलीकडे नसावा, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा ट्रॅप हलवायचा म्हणजे बेससाठी नवा ट्रॅप करायचा आणि बाहेरच्या फरशीसाठी एक ट्रॅप ठेवायचा, असेच धरून चालले पाहिजे. जेथे दोन ट्रॅप करणे शक्य नाही, तेथे तयार बेसचा विचार सोडून द्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

बादलीचाही विचार करावा लागतो. साध्या शॉवरमधून मिनिटाला दहा लिटरच्या आसपास पाणी पडते आणि तेवढे पाणी कोणताही बेस सहज वाहून नेतो. परंतु अंघोळ झाल्यावर उरलेली वीस लिटरची बादली एकदम उपडी केली, तर तीन-साडेतीन सेंटिमीटर उंचीच्या पातळ बेसच्या काठावरून पाणी बाहेर जाते. ज्या घरात बादलीने अंघोळ करणारी माणसे आहेत, आणि आपल्याकडे ती बहुतेक घरांत आहेत, तेथे काठ थोडा उंच किंवा बाहेरच्या फरशीचा ढाळ उत्तम, यांपैकी एक गोष्ट हवीच. वृद्धांसाठी काठ उंच नको असेल तर ढाळावर अधिक मेहनत घ्यावी.

म्हणून बेस विकत घेण्यापूर्वीच थोडे मोजमाप करावे अशी माझी विनंती आहे. आपल्या ट्रॅपचा मध्य दोन्ही भिंतींपासून किती अंतरावर आहे, हे टेपने मोजून कागदावर लिहावे आणि तो कागद दुकानात न्यावा. बेस अनेक आकारांत मिळतात आणि त्यांचे भोक कधी मध्यभागी, कधी कोपऱ्यात, तर कधी अरुंद बाजूजवळ असते. आयताकृती बेस फिरवून ठेवला तर भोक डावीकडून उजवीकडेही जाते. उदाहरणार्थ, ट्रॅपचा मध्य दोन्ही भिंतींपासून 150 मिलिमीटरवर आहे आणि आपण 900 बाय 900 मिलिमीटरचा, मध्यभागी भोक असलेला बेस निवडला, तर भोक प्रत्येक भिंतीपासून 450 मिलिमीटरवर येईल, म्हणजे तिरक्या रेषेत सुमारे 425 मिलिमीटर अंतर पडेल. तोच बेस कोपऱ्यात भोक असलेला घेतला तर हे अंतर कदाचित चार बोटांवर येईल किंवा राहणारही नाही. भोक हलवण्यापेक्षा बेस बदलणे केव्हाही स्वस्त पडते. आणि कोणताच तयार बेस जुळत नसेल तर कुशल फरशीवाल्याकडून जागेवरच उंबरा बांधून, खडबडीत फरशीचा, आपल्या ट्रॅपकडे ढाळ असलेला बेस करून घेता येतो. जुन्या आणि लहान बाथरूमसाठी मला स्वतःला हाच मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. ज्या बाथरूमची रुंदीच सव्वा मीटरच्या आत आहे, तेथे तयार बेस बसवून बाकी जागा वापरण्यायोग्य उरत नाही, हेही लक्षात घ्यावे.

एवढे करूनही ट्रॅप हलवणे अटळ असेल तर ते काम खालून वर करावे लागते, वरून खाली नव्हे. खाली घेतलेल्या स्लॅबच्या बाथरूममध्ये बेसच्या जागेपासून डक्टमधील उभ्या पाइपपर्यंतची फरशी, कोबा आणि भराव काढून मूळ पाइप उघडा करावा. जुना ट्रॅप पूर्णपणे काढून टाकावा. तो बेसखाली गाडून ठेवला तर त्यातील पाणी वाळते आणि ड्रेनेजची दुर्गंधी व झुरळे यांना वर येण्याचा रस्ता मोकळा होतो. नवा ट्रॅप बेसच्या भोकाच्या बरोबर खाली बसवावा, त्यातील पाण्याचा बुच, ज्याला वॉटर सील म्हणतात, किमान 50 मिलिमीटरचा असावा, आणि तेथून 75 मिलिमीटरचा पाइप साधारण दर 50 मिलिमीटरला 1 मिलिमीटर या ढाळाने उभ्या पाइपकडे न्यावा. दीड मीटर अंतरासाठी हा ढाळ 30 मिलिमीटर होतो. ही उंची, ट्रॅपच्या अंगाची उंची आणि पाइपचा व्यास या तिन्हींची बेरीज उपलब्ध खोलीत बसते की नाही, हे हातोडी उचलण्यापूर्वी पाहायचे असते. बसत नसेल तर बेस चौथऱ्यावर उचलावा लागेल, आणि चौथरा आला की ज्या वृद्धांसाठी हे सगळे चालले आहे त्यांच्या पायाशी पायरी येईल. तेव्हा हे गणित आधीच मांडलेले बरे.

पाइपच्या दर्जाबाबत तडजोड करू नये. इमारतीच्या आतील सांडपाण्यासाठी आय.एस. 13592 या भारतीय मानकाचे पाइप असतात आणि त्यांतील बी प्रकार सांडपाणी व मैलपाण्यासाठी आहे. ए प्रकार पातळ असतो, तो हवेच्या आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपांसाठी आहे. पाइपवर हे छापलेले असते, मालकाने स्वतः वाचून घ्यावे. वळणावर एक काटकोनी एल्बो लावण्याऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन बेंड लावले तर कचरा अडकत नाही. जुन्या इमारतींत उभा पाइप बिडाचा असतो. त्याला पीव्हीसी पाइप जोडताना सिमेंट थापून सांधा करणे चुकीचे आहे, त्यासाठी रबराचा योग्य कपलर वापरावा.

येथे एका चुकीचा वेगळा उल्लेख करतो, कारण ती चांगले म्हणवणारे कारागीरही करतात. बेससोबत एक छोटा ट्रॅप मिळतो. तो लावून त्याचा पाइप पुन्हा जुन्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडला की एका मार्गावर दोन ट्रॅप होतात, त्यांच्या मधली हवा कोंडते, पाणी गुडगुड करत थांबत-थांबत उतरते आणि बेस भरून येतो. एका निचऱ्याला एकच ट्रॅप असावा. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे जवळ आहे म्हणून बेसचा पाइप ट्रॅपशिवाय थेट शौचालयाच्या 110 मिलिमीटरच्या पाइपला जोडणे. आपल्या जुन्या इमारतींत अंघोळीचे पाणी वेगळ्या पाइपाने खाली उतरून गली ट्रॅपमध्ये (इमारतीबाहेर जमिनीलगतच्या जाळीच्या ट्रॅपमध्ये) पडते आणि शौचालयाचा पाइप थेट चेंबरला जातो. ही व्यवस्था विचारपूर्वक केलेली आहे, ती एका बेसच्या सोयीसाठी मोडू नये. जी बाथरूम पाहुण्यांपुरतीच वापरली जाते, तिच्या ट्रॅपमध्ये उन्हाळ्यात अधूनमधून तांब्याभर पाणी घालत राहावे, कारण नागपूरच्या उन्हात ट्रॅपमधील पाणी आटायला वेळ लागत नाही.

ज्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला नाही, तेथे प्रश्न अधिक नाजूक होतो. तेथे वरच्या घराचा पाइप स्लॅबमधून आरपार जाऊन खालच्या घराच्या बाथरूमच्या छताखाली लोंबकळत असतो आणि बहुधा फॉल्स सीलिंगने झाकलेला असतो. ट्रॅप हलवायचा म्हणजे स्लॅबला नवे भोक पाडायचे, आणि हे काम दुसऱ्याच्या घरात शिरल्याशिवाय होत नाही. 100 ते 125 मिलिमीटर जाडीच्या स्लॅबमध्ये गज कोठे आहेत ते न पाहता हातोडी-छिन्नीने भोक पाडले की गज तुटतात. तुळई असेल तर भोक पाडण्याचा विचारही मनात आणू नये. अशा ठिकाणी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी सल्ला, कोर कटिंग यंत्र, खालच्या शेजाऱ्याची लेखी संमती आणि जुन्या भोकात न आकसणारे ग्राउट भरणे, या चारही गोष्टी आवश्यक आहेत. यांपैकी एक जरी गोष्ट होणार नसेल तर ट्रॅप आहे तेथेच राहू द्यावा.

कायद्याची बाजूही याच दिशेची आहे. नागपुरातील पुष्कळ इमारती महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, 1970 खाली नोंदलेल्या आहेत आणि इमारतीच्या मजबुतीला किंवा सुरक्षिततेला धोका पोहोचेल असे काम इतर सर्व अपार्टमेंटधारकांच्या एकमुखी संमतीशिवाय कोणाही धारकाला करता येणार नाही, असे तो कायदा सांगतो. स्लॅब कापणे हे काम या वर्णनात बसते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नव्या इमारतींच्या रहिवाशांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2016 च्या स्थावर संपदा नियमनाच्या, म्हणजेच रेरा, कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष बांधकाम व्यावसायिकाने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे असतात. ताबा घेताच बाथरूमची फरशी फोडून ट्रॅप हलवला, की नंतर होणाऱ्या गळतीचे खापर त्या बदलावर फोडायला त्याला आयते कारण मिळते. निदान ही पाच वर्षे तरी वॉटरप्रूफिंगला हात लावू नये.

तळमजल्यावर किंवा स्वतंत्र घरात खाली शेजारी नसतो, त्यामुळे काम सोपे वाटते आणि बऱ्याच अंशी ते असतेही. मात्र शहराच्या ज्या भागात काळी माती आहे, तेथे जोत्याच्या भरावाखालची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. गळके पाणी तेथे मुरत राहिले तर फरशी एका बाजूने बसते. त्यामुळे पाइपाखाली वाळूचा किंवा मुरमाचा ठोकलेला थर हवा आणि सांधे पक्के हवेत.

आता चाचणीविषयी, कारण सगळ्या कामात मला सर्वाधिक महत्त्वाची वाटते ती हीच पायरी. नवा पाइप जोडल्यावर, भराव घालण्यापूर्वी, डक्टकडचे टोक बंद करून पाइप व ट्रॅप पाण्याने भरून पाहावे आणि प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने पुसून तपासावा. त्यानंतर वॉटरप्रूफिंग. त्याचे दोन हात एकमेकांना आडवे द्यावेत, भिंतींवर तो थर किमान 300 मिलिमीटर आणि शॉवरच्या भिंतींवर डोक्याच्या उंचीपर्यंत चढवावा आणि ट्रॅपच्या तोंडाशी नीट आत वळवावा, कारण बहुतेक गळती याच काठावर सुरू होते. थर वाळल्यावर ट्रॅपला बुच मारून संपूर्ण फरशीवर पाणी साठवावे, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करावी आणि किमान 48 तास तसेच ठेवावे.

उन्हाळ्यात या चाचणीत एक घोळ होतो. आपल्याकडील कोरड्या हवेत पाणी इतके आटते की पातळी उतरली ती गळतीने की उन्हाने हे कळत नाही, आणि प्रत्येक पक्ष आपल्याला सोयीचा अर्थ लावतो. त्यावर उपाय साधा आहे. त्याच बाथरूममध्ये एका पसरट, पत्र्याच्या टोपल्यात किंवा टबात पाणी भरून ठेवावे आणि त्याच्या आतही पेन्सिलने खूण करावी. दोन्हीकडची पातळी सारखीच उतरली तर ते बाष्पीभवन आहे. फरशीवरची अधिक उतरली तर कोठेतरी गळती आहे आणि फरशी बसवण्याची घाई करू नये. ही चाचणी खालच्या शेजाऱ्याला बोलावून, त्याचे छत आधी आणि नंतर पाहून करावी. कामाआधी छतावर असलेले जुने डाग दोघांनी मिळून पाहिले असतील तर पुढचे निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

बेस बसवतानाही घाई नडते. अॅक्रिलिकचा बेस चार कोपऱ्यांवर टेकून मधे पोकळ राहिला की माणूस उभा राहताच तो दबतो, आणि रोजच्या या हालचालीने वेस्ट कपलिंगचा वॉशर सैल होतो. त्याखाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा पूर्ण, सलग थर हवा. आधी बेस आणि मग भिंतीची फरशी हा क्रम ठेवावा, म्हणजे भिंतीवरून ओघळणारे पाणी बेसच्या काठाच्या आतच पडते. आधी फरशी लावून तिला बेस चिकटवला तर सारी भिस्त सिलिकॉनच्या एका रेघेवर राहते आणि ती रेघ काही वर्षांत सुटते. वेस्ट असे निवडावे की ज्याची जाळी व आतली वाटी वरूनच काढून धुता येते. बोअरच्या जड पाण्याने क्षारांचा थर धरतो, तो खरवडण्यासाठी बेस उचलावा लागू नये.

या सगळ्यात प्रत्येकाने थोडा वाटा उचलला तर गळतीचे बरेच प्रसंग टळतील. अपार्टमेंट संघटनांनी व गृहनिर्माण संस्थांनी बाथरूमच्या कामाची पूर्वसूचना घ्यावी, ट्रॅप हलणार आहे का हा एक प्रश्न त्यात अवश्य विचारावा आणि हलणार असेल तर पाणी साठवण्याची चाचणी खालच्या सभासदाच्या व समितीच्या एका सदस्याच्या समक्ष झाल्याशिवाय फरशी लावू देऊ नये. सॅनिटरी विक्रेत्यांनी बेस विकण्यापूर्वी भोकाच्या मापाचा नकाशा ग्राहकाच्या हाती द्यावा आणि ट्रॅपचे माप विचारावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्लंबरचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांना तयार शॉवर बेस आणि आपला नहाणी ट्रॅप यांची सांगड कशी घालायची, हे प्रत्यक्ष करून दाखवले जावे. कारागिरांना दोष देऊन मी थांबू इच्छित नाही. बहुतेकांना हे काम कोणी नीट शिकवलेलेच नसते आणि घरमालक एका दिवसात काम मागतो, तेव्हा त्यांच्यापुढेही दुसरा मार्ग राहत नाही. नीट केलेले हे काम वाळण्याचा आणि चाचणीचा वेळ धरून आठवड्याहून अधिक चालते, तेवढ्या दिवसांची अंघोळीची दुसरी सोय करूनच ते सुरू करावे.

शेवटची एक सूचना. पाइप उघडा असताना, भिंतीपासूनच्या अंतरावर टेप धरून त्याची छायाचित्रे घ्यावीत आणि त्यांची एक प्रत संघटनेच्या दप्तरात त्या फ्लॅटच्या नावाने लावून ठेवावी. पुढे फ्लॅट विकला गेला, किंवा दहा वर्षांनी पुन्हा काम निघाले, तर नव्या माणसाला कोठे खणायचे आणि कोठे नाही, हे त्यावरून समजेल.

आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य पर्यवेक्षक,
प्रतापनगर, नागपूर